मूल बरे झाले, हे ठरवायचे कशावरून?

बालमानसोपचाराच्या प्रत्येक केंद्रापुढे दोन प्रश्न असतात. उपचारानंतर मूल खरोखर सुधारले का? आणि सुधारले असेल, तर ते उपचारामुळेच का? क्षयरोगात थुंकी तपासून आणि मधुमेहात रक्तातील साखर पाहून उत्तर मिळते. नैराश्य, चिंताविकार, अतिचंचलता किंवा स्वमग्नता यांच्यासाठी अशी प्रयोगशाळेतील चाचणी नाही. मुलाचे वागणे-बोलणे, झोप, भूक, शाळेतील हजेरी आणि मित्रमंडळी यांच्यावरूनच निदान करावे लागते, आणि उपचारांचा परिणामही त्यांच्यावरूनच ठरवावा लागतो.

मोठ्यांच्या मानसोपचारात नसलेल्या आणखी दोन अडचणी इथे असतात. मूल स्वतःहून दवाखान्यात येत नाही. त्याला कोणीतरी घेऊन येते, आणि बहुधा तक्रारही आणणाऱ्याचीच असते. शिवाय मूल वाढत असते. सहा वर्षांचा मुलगा सातव्या वर्षी काही न करताही थोडा शांत बसू लागतो, थोडे अधिक बोलू लागतो. ही नैसर्गिक वाढ आणि उपचाराचे फळ वेगळे काढणे, हे परिणाममापनाचे मुख्य काम आहे. हे काम नीट झाले नाही, तर निरुपयोगी उपचार वर्षानुवर्षे चालू राहतात आणि त्याची किंमत मुले चुकवतात.

समाधान म्हणजे सुधारणा नव्हे

उपचार घेतलेले समाधानी आहेत, एवढ्यावर का विसंबता येत नाही, हे अमेरिकेतील एका जुन्या प्रकल्पाने दाखवून दिले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शेजारी शहरांत १९३९मध्ये ५०६ मुलगे निवडण्यात आले. रिचर्ड क्लार्क कॅबट या डॉक्टरांची ही कल्पना होती. वय, स्वभाव, घरची परिस्थिती अशा बाबी जुळवून मुलांच्या जोड्या लावल्या गेल्या. नाणे उडवून प्रत्येक जोडीतील एकाला मदत द्यायची आणि दुसऱ्याला द्यायची नाही, असे ठरले. मदत मिळालेल्या मुलांच्या घरी समुपदेशक महिन्यातून साधारण दोनदा जात. शिकवणी, वैद्यकीय उपचार, उन्हाळी शिबिरे अशी सोयही होती. हे सारे सरासरी साडेपाच वर्षे चालले.

जोन मॅककॉर्ड यांनी तीस वर्षांनंतर या माणसांचा शोध घेतला आणि १९७८मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांनी प्रकल्पाचा आपल्याला उपयोग झाला, असे सांगितले. समुपदेशकांची आठवण ते आपुलकीने काढत होते. तुलनेच्या गटाशी आकडे ताडून पाहिल्यावर मात्र वेगळेच चित्र दिसले. मदत मिळालेल्या गटात एकापेक्षा अधिक गुन्हे करणारे जास्त होते, दारूच्या व्यसनाची लक्षणे जास्त होती, गंभीर मानसिक आजारही जास्त होते. पुढील विश्लेषणात उन्हाळी शिबिरांना वारंवार पाठवलेल्या मुलांमध्ये हे दुष्परिणाम ठळक आढळले. तुलनेचा गट नसता, तर हा प्रकल्प यशाचा नमुना म्हणून मिरवला गेला असता.

दुसरे उदाहरण नॉर्थ कॅरोलिनातील फोर्ट ब्रॅग या लष्करी तळाचे. तिथे लष्करी कुटुंबांतील मुलांसाठी १९९०च्या सुमारास सुमारे ८ कोटी डॉलर खर्चाची एकात्मिक सेवा सुरू झाली. बाह्यरुग्ण सेवेपासून दिवसभराच्या केंद्रापर्यंत आणि रुग्णालयापर्यंत सारे टप्पे तीत जोडलेले होते. लेनर्ड बिकमन यांच्या गटाने इतर दोन तळांवरील नेहमीच्या सेवेशी तिची तुलना केली. नव्या सेवेत मुलांना मदत लवकर मिळाली, पालक अधिक समाधानी होते, खर्चही जास्त झाला. मुलांच्या लक्षणांतील सुधारणा मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. सेवा चांगली चालणे आणि सेवेने मूल बरे होणे या दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात, हा धडा या अभ्यासाने दिला.

काळाने होणारी सुधारणा

युजीन लेव्हिट यांनी १९५७मध्ये तोवरचे बालमानसोपचाराचे अहवाल एकत्र केले. उपचार संपताना सुमारे ६७ टक्के मुले सुधारलेली होती. नाव नोंदवून उपचाराला न आलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण ७२.५ टक्के निघाले. न आलेली मुले मुळातच कमी आजारी असतील, हा आक्षेप रास्त होता. तरीही ‘आमच्याकडील दोनतृतीयांश मुले सुधारली’ या वाक्यातून उपचाराबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हे त्या वेळी लक्षात आले.

अशी सुधारणा दिसण्यामागे अनेक कारणे असतात. पालक मुलाला बहुधा त्रास अगदी टोकाला गेल्यावर आणतात. टोकाची अवस्था कायम टिकत नाही, ती सरासरीकडे झुकते. परीक्षा संपते, घरातील आजारपण निवळते, वर्गशिक्षक बदलतात. कोणीतरी लक्ष देत आहे, एवढ्यानेही बरे वाटते. किशोरवयीन नैराश्यावरील ‘टॅड्स’ या अमेरिकी अभ्यासात ४३९ मुलामुलींवर बारा आठवडे चार प्रकारे उपचार केले गेले. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फ्लुऑक्सेटिन आणि बोधात्मक वर्तनोपचार एकत्र मिळालेल्या गटात ७१ टक्के मुलांनी चांगला प्रतिसाद दिला. केवळ औषधाच्या गटात हे प्रमाण सुमारे ६१ टक्के होते, केवळ वर्तनोपचाराच्या गटात ४३ टक्के. औषधाचा अंश नसलेली गोळी मिळालेल्यांतही सुमारे ३५ टक्के मुले सुधारली. एकत्रित उपचाराचे श्रेय ७१मध्ये नाही, ७१ आणि ३५ यांच्यातील अंतरात आहे.

प्रश्नावल्या आणि त्यांची घडण

जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे लंडनचे बालमानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७मध्ये मांडलेली ‘स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज’ प्रश्नावली, म्हणजेच ‘एसडीक्यू’. तिच्यात २५ विधाने आहेत. पाच-पाच विधानांचे पाच गट पडतात: भावनिक त्रास, वर्तनाच्या समस्या, चंचलता व अवधान, सवंगड्यांशी संबंध आणि इतरांना मदत करण्याची वृत्ती. वारंवार डोके किंवा पोट दुखते का, एका जागी बसवत नाही का, एखादा तरी चांगला मित्र आहे का, अशा साध्या गोष्टी तीत येतात. प्रत्येक विधानापुढे ‘खरे नाही’, ‘थोडेफार खरे’ आणि ‘अगदी खरे’ यांपैकी एकावर खूण करायची असते. त्यांना ०, १ किंवा २ गुण मिळतात. पहिल्या चार गटांची बेरीज म्हणजे एकूण अडचणींचे गुण, ० ते ४०. ब्रिटनमधील मूळ वर्गवारीत पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीत १३ पर्यंतचे गुण सर्वसाधारण, १४ ते १६ सीमेवरचे आणि १७ व त्यापुढचे चिंताजनक मानले जातात. जोडपत्रात आणखी एक महत्त्वाची विचारणा असते: या अडचणींमुळे मुलाला किती त्रास होतो, आणि घर, मैत्री, अभ्यास व फावला वेळ यांत किती अडथळा येतो?

यापेक्षा सविस्तर साधन म्हणजे थॉमस आखेनबाख यांची ‘चाइल्ड बिहेवियर चेकलिस्ट’. तीत शंभराहून अधिक बाबी आहेत. ‘चिल्ड्रन्स ग्लोबल असेसमेंट स्केल’ हे १९८३चे साधन तज्ज्ञाने भरायचे असते. मुलाचे एकंदर दैनंदिन जीवन कसे चालले आहे, याला ते १ ते १०० पैकी एकच अंक देते. भारतातही साधने घडली. चंदीगडमध्ये सविता मल्होत्रा आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये आखेनबाख यांच्या साधनावर बेतलेली ७५ बाबींची मापनसूची तयार केली. स्वमग्नतेच्या मूल्यमापनासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने घडवलेली ‘इसा’ ही ४० बाबींची श्रेणी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाते.

साधन परदेशातून आणले, की भाषांतराने काम संपत नाही. गोव्यातील १२ ते १६ वयोगटातील २,०४८ मुलामुलींच्या, २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सविस्तर निदानपद्धतीने मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे १.८ टक्के आढळले. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटासाठी हाच आकडा ७.३ टक्के आहे. साधन, निकष आणि लोकसंख्या बदलली, की आकडा असा बदलतो. भारतासह सात देशांची तुलना करणाऱ्या अभ्यासात ‘एसडीक्यू’चे गुण आणि प्रत्यक्ष निदान यांचे नाते देशोदेशी सारखे नसल्याचे दिसले. म्हणून लंडनमधील १७ ही रेघ लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या मुलावर जशीच्या तशी ओढता येत नाही. त्याच मुलाचे उपचाराआधीचे आणि नंतरचे गुण ताडून पाहणे हा अधिक भरवशाचा मार्ग आहे.

विचारायचे कोणाला?

आई म्हणते, घरी फार चिडतो. बाई म्हणतात, वर्गात त्याचा आवाजही ऐकू येत नाही. मुलगा म्हणतो, मला काही झालेले नाही. या तिघांपैकी खरे कोण? आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७मध्ये अशा ११९ अभ्यासांचा आढावा घेतला. आई आणि वडील यांच्यासारख्या एकाच भूमिकेतील माणसांच्या मतांतील सहसंबंध सरासरी ०.६० होता. पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांत तो ०.२८ वर आला. मुलाचे स्वतःचे मत आणि इतरांचे मत यांत तो जेमतेम ०.२२ निघाला.

याचा अर्थ कोणीतरी खोटे बोलते, असा नाही. मूल घरी, शाळेत आणि मनाच्या आत वेगवेगळे असू शकते. अतिचंचलतेचा त्रास शिक्षकांना आधी जाणवतो. उदासी, भीती, स्वतःला इजा करण्याचे विचार हे मुलालाच ठाऊक असतात, पालकांना त्यांचा पत्ता नसतो. शिवाय सांगणाऱ्याची मनःस्थितीही उत्तरात उतरते. थकलेल्या, स्वतः उदास असलेल्या आईला मुलाच्या खोड्या अधिक जड वाटतात. उपचारानंतर आईचे गुण सुधारले आणि मुलाचे तसेच राहिले, तर घरातील ताण कमी झाला असे म्हणता येईल, मूल बरे झाले असे म्हणता येणार नाही. म्हणून चांगल्या मापनात निदान दोन बाजू असतात, आणि सुमारे अकरा वर्षांपुढील मुलाची स्वतःची बाजू त्यांत असावीच लागते.

गुण उतरले, पण खरे किती?

समजा, बारा वर्षांच्या एका मुलीचे ‘एसडीक्यू’चे एकूण गुण उपचाराआधी २१ होते आणि सहा महिन्यांनी १६ झाले. पाच गुण उतरले. ही सुधारणा मानायची का?

पहिली कसोटी जेकबसन आणि ट्रूआक्स यांनी १९९१मध्ये मांडली. कोणतीही प्रश्नावली दोनदा भरली, तर गुण थोडे हलतातच. हे हलणे किती असू शकते, ते साधनाच्या विश्वसनीयतेवरून काढता येते. ब्रिटनमधील पालकांच्या नमुन्यात या गुणांचे प्रमाण विचलन ५.८ आणि विश्वसनीयता ०.८२ होती. त्यावरून हिशेब केला, तर सुमारे सात गुणांहून कमी फरक हा निव्वळ चढउतार असू शकतो. या मुलीचे पाच गुण त्या मर्यादेत येतात. तिची अवस्था आशादायक आहे, पण सुधारणा पक्की झाली असे लिहिता येणार नाही.

दुसरी कसोटी उपचाराशिवाय काय झाले असते, याची. ब्रिटनमधील राष्ट्रीय सर्वेक्षणात मानसिक अडचणी असलेल्या मुलांचे गुण चार ते आठ महिन्यांनी पुन्हा घेण्यात आले होते. त्यावरून टॅमसिन फोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये एक सूत्र दिले. आधीच्या एकूण गुणांची ०.८ पट, त्रासाच्या जोडपत्रातील गुणांची ०.२ पट आणि २.३ यांची बेरीज करायची. तीतून भावनिक गटातील गुणांची ०.३ पट वजा करायची. जो आकडा येतो, तो अपेक्षित गुण. या मुलीचे त्रासाचे गुण ४ आणि भावनिक गुण ७ असतील, तर अपेक्षित गुण १७.८ येतात. प्रत्यक्षात ते १६ आहेत. म्हणजे पाचांपैकी सुमारे तीन गुण काळानेच उतरले असते. अपेक्षेहून अधिकचे गुण १.८ एवढेच. हे सूत्र एकट्या मुलासाठी नाही. केंद्रातील सर्व मुलांची सरासरी काढण्यासाठी ते आहे, आणि या सरासरीतून कळणारी गोष्ट मोलाची असते: केंद्राच्या कामाने काळाच्या कामात किती भर घातली?

जॉन वाइझ यांच्या गटाने २०१७मध्ये पन्नास वर्षांतील ४४७ नियंत्रित अभ्यास आणि ३०,४३१ मुले यांची आकडेवारी एकत्र केली. उपचार मिळालेले मूल न मिळालेल्यापेक्षा बरे असण्याची शक्यता ६३ टक्के निघाली. उपचारांनी काहीच फरक पडत नसता, तर ती ५० असती. चिंताविकारात फायदा सर्वाधिक, नैराश्यात बराच कमी आणि अनेक समस्या एकत्र असलेल्या मुलांत सर्वांत कमी होता. बालमानसोपचार उपयोगी आहे, हे यातून कळते. कुठे तो तोकडा पडतो, हेही कळते.

मुलाला काय बदलायला हवे आहे?

छापील प्रश्नावलीत मुलाची खरी अडचण नसेल, तर? या प्रश्नातून दुसऱ्या प्रकारची मोजमापे आली. एका पद्धतीत मूल आणि पालक उपचाराच्या सुरुवातीला तीनपर्यंत ध्येये ठरवतात. ‘रात्री एकटे झोपणे’, ‘शाळेच्या बसने जाणे’ अशी ती असतात, आणि प्रत्येक ध्येय किती गाठले, याला ० ते १० गुण दिले जातात. वाइझ यांच्याच गटाने २०११मध्ये मांडलेल्या पद्धतीत मूल स्वतःच्या शब्दांत मुख्य तीन अडचणी सांगते आणि दर वेळी त्यांना ० ते १० गुण देते.

या पद्धतीची कसोटी भारतातच लागली. विक्रम पटेल यांनी इतरांसह स्थापन केलेल्या गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेच्या ‘प्राइड’ प्रकल्पाने २०१८मध्ये दिल्लीतील सहा सरकारी शाळांत २५१ किशोरवयीन मुलामुलींचा अभ्यास केला. एका गटाला मानसोपचाराची पदवी नसलेले, पण प्रशिक्षित समुपदेशक भेटत. अडचण नेमकी काय, पर्याय कोणते, त्यांतला कोणता करून पाहायचा, अशी समस्या सोडवण्याची पद्धत ते तीन आठवड्यांत सुमारे पाच बैठकांत शिकवत. दुसऱ्या गटाला त्याच पद्धतीच्या पुस्तिका दिल्या, समुपदेशक नाही. सहा आठवड्यांनी दोन मापे दोन गोष्टी सांगत होती. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी समुपदेशनाच्या गटात लक्षणीय कमी झाल्या. ‘एसडीक्यू’च्या एकूण गुणांत दोन गटांत फरक नव्हता. पुढे वर्षभराच्या पाठपुराव्यात मात्र लक्षणांच्या गुणांतही समुपदेशनाच्या गटाची सरशी दिसली.

एकच माप असते, तर सहाव्या आठवड्यात हा उपचार निकामी ठरला असता. ज्या अडचणीसाठी मूल आले, ती सुटू लागणे हा पहिला बदल. लक्षणे सावकाश ओसरणे हा नंतरचा. दोन्ही मोजले, तरच उपचाराची चाल समजते.

पाहून मोजणे

बोलू न शकणाऱ्या लहान मुलाला प्रश्न विचारता येत नाहीत, आणि उपचारात पालकच सहभागी असतील, तर त्यांचे मत पूर्ण तटस्थ राहत नाही. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी इथे झालेल्या ‘पास’ अभ्यासाने यावर उत्तम मार्ग वापरला. दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांचे आईवडील यात होते. आरोग्यसेवक सहा महिन्यांत बारा बैठका घेत. पालक आणि मूल खेळत असतानाचे चित्रीकरण पालकांसोबत पाहून, मुलाच्या कलाने प्रतिसाद कसा द्यायचा, हे ते शिकवत.

परिणाम मोजतानाही पालक-मुलाच्या खेळाचे चित्रीकरण झाले. ते तपासणाऱ्यांना कोणते कुटुंब कोणत्या गटातले, हे माहीत नव्हते. पालकाने मुलाच्या कृतीला धरून प्रतिसाद कितीदा दिला आणि मुलाने आपणहून संवाद कितीदा सुरू केला, हे त्यांनी क्षणाक्षणाने टिपले. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या दोन्ही बाबी सुधारल्या. दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र उपचाराच्या गटात कमी निघाला. संशोधकांनी हा प्रतिकूल आकडाही अनुकूल आकड्यांसोबत छापला. प्रामाणिक मापनाची ही खूण आहे.

कधी मोजायचे?

लवकर मोजले तर एक उत्तर, उशिरा मोजले तर दुसरे. अतिचंचलतेवरील ‘एमटीए’ या अमेरिकी अभ्यासात सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांना चार गटांत विभागले होते. चौदा महिन्यांनी, १९९९च्या निष्कर्षांत, काटेकोरपणे दिलेले औषध आणि औषधासह वर्तनोपचार हे दोन गट स्पष्टपणे पुढे होते. तिसऱ्या वर्षी चारही गटांतील फरक मावळला. मधल्या काळात नियोजित उपचार संपले होते आणि कुटुंबांनी आपापले निर्णय घेतले होते. उपचार चालू असताना मिळालेला फायदा खरा होता, तो आपोआप टिकेल ही अपेक्षा चुकीची होती. म्हणून उपचार संपतानाचे माप आणि वर्षभरानंतरचे माप यांची नोंद वेगवेगळी हवी.

रोजच्या कामातील मापन

मोजमाप संशोधकांपुरते राहिले, तर समोरच्या मुलाला त्याचा लाभ होत नाही. बिकमन यांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या दहा राज्यांतील २८ केंद्रे आणि ३४० मुले होती. ज्यांच्या समुपदेशकांना मुलाच्या गुणांचा अहवाल दर आठवड्याला मिळाला, ती मुले, दर तीन महिन्यांनीच अहवाल मिळालेल्या समुपदेशकांच्या मुलांपेक्षा वेगाने सुधारली. उपचार लागू पडत नसल्याचे वेळीच कळले, तर मार्ग बदलता येतो. ब्रिटनमध्ये २००२पासून अनेक बालमानसोपचार केंद्रे एकत्र येऊन एकसारख्या साधनांनी नोंदी ठेवतात आणि त्यांतून शिकतात.

धोकेही आहेत. उपचार अर्ध्यावर सोडलेल्या मुलांचे दुसरे माप मिळत नाही. ती वगळून काढलेली सरासरी फसवी असते, म्हणून दोन्ही मापे किती मुलांची मिळाली, हे निकालासोबत सांगणे बंधनकारक असावे. गुणांवरून केंद्रांची क्रमवारी लावली किंवा निधी ठरवला, तर गुंतागुंतीच्या मुलांना दूर ठेवण्याचा मोह होतो. गरीब, विस्थापित, हिंसेच्या छायेतील मुले सावकाश सुधारतात. त्यांना घेणारे केंद्र क्रमवारीत खाली दिसणे हा त्या केंद्रावर आणि मुलांवरही अन्याय आहे.

मोठ्या खर्चाशिवाय कोणतेही केंद्र किंवा शाळेतील समुपदेशक एवढे नक्की करू शकतो: पहिल्या भेटीतच मुलाच्या भाषेतील एक छोटी प्रश्नावली भरून घेणे, मुलाच्या स्वतःच्या शब्दांतील एक ते तीन अडचणी लिहून त्यांना गुण देणे, पालक किंवा शिक्षक यांची दुसरी बाजू नोंदवणे, दर काही भेटींनी तीच मापे पुन्हा घेऊन ती मूल व पालकांना दाखवणे, आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांनी पुन्हा विचारणा करणे. गुण उतरत नसतील, तर दोष मुलावर न टाकता उपचाराचा फेरविचार करणे, यासाठीच हे सारे मोजायचे.